दिसायला अगदी तसाच अडॅप्टर

...पण दिसायला अगदी तसाच होता हो! तोच काळा चौकोन, तेच झाकण, तीच खिटी, खाली दोन रांगांत तेच पाय... आतली एकेक तार कुठून निघून कुठं जाते हे मला वरून कसं कळणार? मी काय एक्स-रे आहे का? हसा, हसा. तुमच्या आयुष्यात अजून अडॅप्टर आला नाही म्हणून हसताय.

थांबा, पहिल्यापासून सांगते. माझ्या आईकडं भरतकामाची मशीन आहे, कॉम्प्युटरवाली. शाळांचे बिल्ले, हॉटेलांचे नॅपकिन, बाळांची झबली, सगळं तिच्यावर. आणि आईनं इतक्या वर्षांत स्वतः रचलेली प्रत्येक नक्षी त्या मशीनच्या पोटातल्या एका चिपमध्ये. नखाएवढ्या! आणि ती चिप लागली विसरायला. म्हणजे मशीन गुलाब काढायला घ्यायची, पाकळ्या व्हायच्या, देठापाशी यायची आणि थांबायची. सुई वर, नजर शून्यात, 'मी इथं कशाला आले होते?' अशी! आई नुसती बघत बसायची. चिप कायमची गेली असती तर तिच्या सगळ्या नक्ष्या गेल्या असत्या हो. सगळ्या!

मशीनचा दुकानदार काय म्हणाला? "नवी घ्या ना ताई." नवी घ्या! हे दोन शब्द ऐकले की माझं डोकंच फिरतं. मी आणि माझा मित्र... त्याला सगळे पक्कड म्हणतात, कारण एकदा धरलं की सोडत नाही... तर आम्ही दोघांनी कॉलेज संपल्या संपल्या शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत दुरुस्ती केंद्र काढलं. भिंतीवर मी स्वतः रंगवलंय, 'फेकायचं नाही, दुरुस्त करायचं!' मिक्सर आला, दुरुस्त. रेडिओ आला, दुरुस्त. एकदा एक काका पँट घेऊन चुकून वर आले, ती पँटसुद्धा आम्ही दुरुस्त केली. तत्त्व म्हणजे तत्त्व! आणि माझ्याच घरात, माझ्याच आईनं, नवी घ्यायची?

तर उपाय सोपा. जुनी चिप वाचायची, नव्या चिपवर उतरवायची, झालं. त्याचं यंत्र आहे आमच्याकडं, प्रोग्रॅमर म्हणतात त्याला. माणूस नव्हे, डबाच तो. पण त्या डब्याचं सॉकेट लांबट चिपचं, आणि आईची चिप चौकोनी, चारी बाजूंना पाय, खेकडाच! मग मध्ये लागतो अडॅप्टर. वर खेकड्याला बसायला जागा, खाली डब्यात शिरायला लांबट पाय, आणि आत तारा, वरचा हा पाय खालच्या त्या पायाला. काय उदात्त वस्तू आहे बघा! दोघांचं आपसांत जमत नाही, तर हा मध्ये उभा राहतो आणि इकडचं तिकडं इमानदारीत पोचवतो. मला वाटायचं, माणसानं असं असावं. वाटायचं! फक्त घोळ असा, की वेगवेगळ्या जातीच्या चिपना आतल्या तारा वेगवेगळ्या लागतात, आणि बाहेरून? दिसायला अगदी तसाच!

पक्कड म्हणाला, "तू कशाला पळतेस? मी आणतो." आणला. हसत हसत माझ्या तळहातावर ठेवला. "घे, हाच."

मी घरी आतल्या खोलीत टेबलाशी बसले, मशीनमधून काढलेली चिप उचलली, ठिपक्याला ठिपका जुळवला, श्वास धरला, झाकण लावलं. स्क्रीनवर काय आलं? 'चिप ओळखता येत नाही.' काढली, परत बसवली. ओळखता येत नाही. अहो, आमच्या घरात वाढलेली चिप ती, ओळखता येत नाही कशी? मी पक्कडला फोन लावला.

"अगं, पाय पूस तिचे."

"पुसले."

"खोडरबरानं पूस."

"पुसले!"

"मग जरा दाबून धर झाकण."

दाबून धरलं. हा बघा अंगठा, अजून चौकोन उमटलाय. शेवटी तिकडून लांब सुस्कारा आला आणि म्हणतो कसा, एकदम सांत्वनाला आल्यासारखा, "गेली गं ती. जुनी होती. तू मात्र खूप केलंस तिच्यासाठी."

मी रडले. खरंच रडले. आईनं पाठीवरून हात फिरवला, डोळे टिपले, म्हणाली, "राहू दे गं बाळा. वस्तूच ती. मी घेईन सवय करून." ते डोळे टिपणं, तुम्हाला सांगते... असो. दिसायला अगदी तसंच होतं!

मग मी तोंड पाडून बसले. आई झबल्याला हातानं बंद शिवत होती. म्हणाली, "त्या डब्यातून पांढरी बॉबिन दे गं." मी डबा उघडला. बॉबिन, बॉबिन, बटण, बॉबिन... आणि काळा चौकोन. झाकण. खिटी. दिसायला अगदी तसाच! मला वाटलं, माझाच कुणीतरी इथं टाकला. वळून बघते तर माझा टेबलावर. मग हा कोण? म्हटलं, बघू तरी. आत गेले, चिप बसवली, झाकण लावलं... ओळख पटली! पहिल्या फटक्यात! स्क्रीनभर आकडेच आकडे, सगळं जिवंत!

मी धावत बाहेर आले. "आई! वाचली! सगळ्या नक्ष्या वाचल्या!"

तुम्हाला वाटेल, आईनं मला मिठी मारली. आई पांढरी पडली. म्हणाली, "अगं बाई... मग आता ती परत घेतील का?"

"ती? ती कोण?"

तेवढ्यात दारात धडपड. "काकू, दार धरा हो, जड आहे!" आणि खोक्यामागून पक्कडचं डोकं. मला बघून म्हणतो, "तू... बाहेर जाणार होतीस ना?"

नवी मशीन! माझ्या पाठीमागं या दोघांनी नवी मशीन ठरवली! मी केंद्रावर गेले असताना पक्कडनं आमच्या स्वयंपाकघरात बसून, खऱ्या अडॅप्टरवर, आईची चिप आधीच वाचून ठेवलेली, नक्ष्या नव्या मशीनसाठी उतरवून घेतलेल्या. जाताना अडॅप्टर विसरला, आणि आईनं आवराआवर करताना तो बॉबिनच्या डब्यात टाकला. आणि मला दिला भलताच, म्हणजे मी थकेन आणि नाद सोडेन!

"मला सरळ सांगायचं ना!"

आई म्हणाली, "सांगितलं असतं तर तू भाषण दिलं असतंस."

"मी भाषण देते?"

मग मी दिलं. चांगलं दणदणीत दिलं! शेवटी आई म्हणाली, "झालं? अगं, मागच्या वेळी तू दुरुस्त केलीस तेव्हापासून ती शॉक देते. त्याच्या आधीच्या वेळेपासून उलटी शिवते. मी लाकडी पाटावर पाय ठेवून गुलाब काढते. मला काम करायचंय गं, आंदोलन नाही."

मी पक्कडकडं वळले. "आणि तू? भिंतीवर काय लिहिलंय आपण?"

"मोडलं कुठं?" तो म्हणाला. "जुनी मशीन फेकणार नाहीच आहोत. तुझ्या खोलीत ठेवायचं ठरलंय."

ठरलंय! माझी खोली, आणि ठरलंय! ज्याला मी अडॅप्टर समजत होते, दोघांमध्ये उभा राहून इकडचं तिकडं पोचवणारा, त्याच्या आतल्या तारा थेट माझ्या आईला जोडलेल्या! बाहेरून मित्र. दिसायला अगदी तसाच!

मी जिद्दीनं नवी चिप लिहिली, बसवली, शॉकसुद्धा काढला. जुनी मशीन आता झकास चालते. आणि चालवायला कुणी नाही. आई नव्या मशीनवर गाणं गुणगुणत बिल्ले काढते. आणि चालती मशीन धूळ खात ठेवणं माझ्या तत्त्वात बसत नाही. म्हणून... आता मीच भरतकाम शिकतेय. आईच्या नक्ष्यांना हात लावणार नाही म्हटलं, स्वतःची काढीन. बदक काढलं. पहिलंच बदक, आठवडाभर खपून.

काल पक्कड आला. मी त्याच्याशी बोलत नाहीये, तरी आला. रुमाल उचलला, उजेडात धरला आणि मनापासून म्हणाला, "वा! टेबल फॅन! दिसायला अगदी तसाच!"

तो गेल्यावर बदकाला गुपचूप एक वायर काढली.