तीन पत्रं आणि एक कागद

—नाही हो, बूट महाग नव्हतेच ते. पेपरात काहीही छापता तुम्ही लोक. बाई कंपनीच्या प्रमुख झाल्यापासून दोन वर्षं बघतेय, एकच जोड आहे त्यांचा. म्हणजे—कॅन्टीनमध्ये ‘परदेशी आहेत, परदेशी’ असं मीच पसरवलं होतं, ते सोडा. बसा ना. आत संचालकांची बैठक चाललीय, बाईंना ठेवायचं की काढायचं ते ठरल्याशिवाय दार उघडायचं नाही. तोवर विचारा काय विचारायचं ते.

पगार? त्यांचाच दोष आहे बघा. सव्वीस वर्षं वरच्या लोकांच्या पगाराची पत्रं माझ्याच हातून टाइप होतात, पण असा वेडेपणा कुणी केला नाही. मला म्हणाल्या, पगार, घरभाडं, शेअर, गाडी, सगळं एका कागदावर घ्या, खाली बेरीज करा आणि वार्षिक अहवालात छापा, लपवायचं काय त्यात? मी म्हटलं, बाई, बेरीज नका करू. ऐकतायत कशाला! झालं—दुसऱ्या दिवशी ज्याच्या त्याच्या तोंडी तोच आकडा. सॉफ्टवेअरवाली दोनशे माणसं घरी पाठवली आणि स्वतः एवढे घेते! काळीज नाही बाईला! मुलं कोण सांभाळतं, नवरा काय करतो—परवा तुम्हीच विचारलंत ना? मग.

आधीच्या साहेबांनी सहाशे काढली होती हो. तेव्हा ‘धाडसी निर्णय’ म्हणून फोटो आला होता त्यांचा, हाताची घडी घालून. आणि घेत किती होते? बाईंच्या दुप्पट! पण पत्रं तीन. पगाराचं एक, बंगल्याचं दुसऱ्याच कंपनीच्या नावाने, शेअरचं वहिनींच्या नावाने—तिन्ही मीच टाइप केली, तिन्ही वेगळ्या फायलींत लावली. बेरीज करणार कोण? मी केली होती की, मनातल्या मनात. आणि काय वाटलं माहितीये? काही नाही. साहेब आहेत, घेणारच. बाईंचा आकडा टाइप करताना मात्र शून्यं दोनदा मोजली मी—माझ्यानंतर अकरा वर्षांनी लागलेली, माझ्यासारखीच टेबलाशी बसून जेवणारी, आणि हिला एवढे? हिला का?

छे, ती पत्रं आता कुठली मिळायला! सकाळी बाई स्वतः आल्या होत्या, इथे, या टेबलाशी उभ्या. म्हणाल्या, ताई, साहेबांच्या वेळचं काहीतरी शोधा, संचालकांपुढे ठेवायला माझ्या हातात दुसरं काही नाही. मी तासभर कपाटं उघडली, खोकी उतरवली, शिंकून शिंकून बेजार झाले—शोधल्याचं नाटक करायलाही घाम गाळावा लागतो हो. शेवटी सांगितलं, नाही सापडत. आहेत की, इथेच, खालच्या— हे लिहून नाही ना घेत तुम्ही? पेन ठेवा. ठेवा म्हणते ना!

दार उघडलं. गप्प बसा. —हो, बाई. —नाही, त्यात काय, बाई. —बरं.

गेल्या. काढलं त्यांना. ऐकलंत ना, मला काय म्हणाल्या? ‘सकाळपासून एवढी धूळ खाल्लीत माझ्यासाठी, ताई. या इमारतीत माझ्या बाजूने तुम्ही एकट्याच होतात.’ हात धरला हो माझा. हा बघा, हा.

काय बघताय? उठा. निघा तुम्ही. मला काही सांगायचं नाही.