महिनाभरासाठी अविश्वास

आमच्या आत्याने सरपंच पाडला होता, हे सांगितलं तर पटायचं नाही तुम्हाला.

भिवंडीजवळचं आमचं गाव. नव्वदच्या दशकात आत्या राखीव जागेवरून पंचायतीत गेली. सरपंच पंचायतीचं पाणी स्वतःच्या सायझिंगच्या, म्हणजे मागाच्या सुताला खळ लावायच्या, कारखान्याला वळवायचा आणि आमच्या वस्तीतले नळ कोरडे. आत्याने अविश्वास ठराव आणला, तेव्हा सरपंचाची मुदत संपायला जेमतेम महिना उरला होता.

सभेत तहसीलदारही वैतागले. "बाई, तो जातोच आहे. आता कशाला?"

"सायेब, म्हणून म्हैनाभर आमी पानी प्यायचं न्हाय का?"

सरपंच हसला. "ताई, पेढे खाऊन निरोप द्यायचा, तर हे काय?"

"निरोपच देतेय, भाऊ," म्हणत तिने हात वर केला. बराच वेळ तो एकच हात वर होता. मग उपसरपंचाने केला आणि त्याचं बघून बाकीच्यांनी. ठराव मंजूर झाला.

कारभार उपसरपंचाकडे आला. दुसऱ्याच सकाळी वस्तीत पाणी आलं. तो स्वतः विचारायला आला, "ताई, आता पानी बरोबर हाय ना?"

हंडा भरता भरता आत्या म्हणाली, "आज हाय."