उताणी नाई झोपणार

माह्यं माहेर एटापल्लीकडं, जंगलाले लागून, अन् दिलं मले खाली धानवाल्या घरी. काय सांगू ताई तुम्हाले, पहिल्या पोरीच्या वेळी दवाखान्यात टेबलावर उताणी झोपवलं, पाय वर, लाव जोर, लाव जोर म्हणे, अन् मी फाटली. टाके पडले. मग कितीक महिने धानाच्या रोवण्यात वाकलं का खालून ओढ लागे, नवऱ्यानं हात लावला तरी अंग चोरून घेवो मी. सांगू कोणाले? त्या जागेचं नावच नाई इथी कोणाच्या तोंडी.

दुसऱ्यांदा दिवस गेले तं एकच भेव, पुन्हा तसंच होईन. सासू म्हणे, घरीच राह्य, छपराच्या मयालीले, आडव्या लाकडाले, दोर बांधतो, आमी साऱ्या दोर धरून उकिडव्याच बाळंत झालो. पटलं मले, पण रक्त गेलं तं कोण धावन? दवाखान्यातच गेली. तं सासू पिशवीत दोर घेऊन हजर! सिस्टर हसली, आजी, पंख्याले बांधू का म्हणे. पण बांधला तिनं, खिडकीच्या गजाले.

मी म्हटलं, सिस्टर, उताणी नाई झोपणार. ती म्हणे, नोको झोपू. कळा येतात तोवर दोर धरून उभी राह्य. पण निघतेवेळी उकिडवी बसली तं बाळ झपकन उतरते, त्यानंबी फाटते. डाव्या कुशीवर हो, वरचा पाय आजी धरतीन. फाटणारच नाई असं नाई सांगत मी, पण अंगाले ताणायले वेळ भेटते.

मग काय झालं, धड आठवत नाई. बाहेरून मोहफुलाचा वास येऊन राह्यला होता, खाली सिस्टरचा गरम ओला कपडा, अन् ती म्हणे जोर नोको, फुंकर मार, फुंकर मार, अन् मले वाटे मी मायच्या घरी चूल फुंकून राह्यली, धूर वर चालला, मीबी त्याच्यासंग हळूहळू वर चालली. अन् रडणं आलं कानावर.

पोरगं का पोरगी, नाई विचारलं मी. म्हटलं, किती फाटलं? सिस्टर म्हणे, जराक खरचटलं, टाका नाई लागत. मी रडाले लागली. सासू म्हणे, पोरगा झाला अन् रडते काऊन, येडी?

पहिलं दुखणं हाये अजून, थंडीत जाणवते, ते आता माह्यासंगच जाईन. पण ताई, लिहा तुम्ही. कोणाचीबी पोरगी असो, टेबलावर चढवायच्या आधी कोणी तिले विचारावं, बाई, तुले कसं बरं वाटते? सुखी राह्यतीन विचारणारे.