जवाचं पाणी

बीअर घरी करायची तर एक गोष्ट कुणीच सांगत नाही यार, जव उकळायला लागले की वास अख्ख्या मजल्यावर जातो. दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत मी जर्मन पद्धतीची पिल्सनर करत होतो, चोरूनच, कारण इथे पकडलं तर खलास. तेवढ्यात दारात शेजारचे खानचाचा!

"क्या पक रहा है, बेटा?"

घाबरून म्हणालो, "जौ का पानी, चाचा. किडनी में पत्थर है."

चाचा बिचारे हळहळत गेले. बीअर फ्रीजमध्ये मुरत राहिली. मध्ये चाचा मक्केला उमऱ्याच्या यात्रेला जाऊन आले आणि आल्या आल्या माझ्या दारात, हातात तिथल्या झमझमच्या पवित्र पाण्याची बाटली. "काबे के सामने तेरे लिए दुआ माँगी. ले, मेरे सामने पी."

आणि मी नेमकी तेव्हाच बीअर चाखून आलेलो! श्वास रोखून ते पाणी प्यायलो. चाचा अगदी जवळ उभे. मग खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "वो जौ का पानी फेंक दे, बेटा. खराब हो गया है."

सगळी बीअर बेसिनमध्ये ओतली. अजूनही लिफ्टमध्ये चाचा दिसले की मी जिन्याने जातो.