सरांची घंटी

पंधरा दिवसांपूर्वी वारलेल्या वडिलांची सायकल विकायला ग्रेस पुण्याहून नगरच्या सायकल-दुकानात आली होती. दाराशी दोघे चाकांत हवा भरत होते.

"उद्या राळेगणच्या राइडला कृपादान सर येणार ना?"

"दोन रविवार आले न्हाईत. फोनबी उचलत न्हाईत. गेले असतील पोरीकडं, पुन्याला."

"त्या दिवशी चढावर छातीत दुखलं, तेव्हाच तिला कळवायला हवं होतं."

"शपथ घातली की त्यांनी! म्हनले, ग्रेसला कळलं तर सायकल बंद."

"तिला वाटतं, पप्पा रविवारी चर्चमध्ये असतात!"

"लई बिलंदर म्हातारा! पन आता भेटू दे, धरून दवाखान्यात नेतो."

आत दुकानदाराने सायकलची घंटी वाजवून पाहिली.

"आले बघ सर!"

दोघे हसत वळले. हँडल ग्रेसच्या हातात होतं.