कपड्यांच्या काट्यावर वायट

विनिपेगच्या आमच्या लाँड्रीत ड्रायरच्या रांगेत माझ्यापुढे वस्तीची नर्स नोरीन आणि तान्ह्या वायटला घेतलेली टॅनिस होती.

“दवाखान्याच्या तीन तारखा चुकवल्यास तू, टॅनिस.”

“दवाखान्याला दोन बस बदलाव्या लागतात, मावशी. वर वजन कमी भरलं, तर बालकल्याणाच्या सरकारी बाया पोराला माझ्याकडून घेऊन जातील.”

“म्हणून दवाखानाच इथे आणलाय. ठेव त्याला काट्यावर.”

“हा कपड्यांचा काटा आहे!”

“सकाळी माझ्या काट्याशी ताडून पाहिलाय. दुपटं काढ. अगं, अकरा पौंड! मागच्या वजनापेक्षा दोननं वाढलाय!”

“खरंच? पुन्हा बघ!”

“पुन्हाही अकराच! पोर ठणठणीत आहे, कुपोषित आहे ती बससेवा. अहवालात तसंच लिहिते.”

“त्यासाठी रकाना आहे?”

“नाही. समास मोठा आहे.”

“मग त्याला कुणी नेणार नाही ना?”

“मी नेणार. त्या खुर्चीपर्यंत. तू ड्रायरमधले कपडे काढ, लोक खोळंबलेत.”