सोमा लोहाराची दोरी

मला गणितात पक्का म्हणता ना, मग हेही ऐकून घ्या. इंग्रज जाऊन सात-आठ वर्षं झाली असतील. अहेरीजवळच्या एका गावात मी मास्तर होतो. तिथला सोमा लोहार, माझ्या बापाच्या वयाचा, बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या चाकाला धाव, म्हणजे लोखंडी पट्टीचं कडं चढवायचा. माप घ्यायचा चाकाभोवती दोरी गुंडाळून.

मी त्याला ऐकवलं, "अरे, फार जुने लोक चाकाचा परीघ त्याच्या आरपार रुंदीच्या तिप्पट धरत. मग बावीस सप्तमांश निघाला. आपल्या एका पंडितानं त्याहून बारीक हिशेब केला, आणि हे जवळपास आहे असंही लिहून ठेवलं. तू अजून दोरीतच?"

"मंग तुमीच सांगा, मास्तर."

मी चाकाची आरपार रुंदी मोजली, पाटीवर गुणाकार करून माप दिलं.

"दोन बोटं कमी कापू का जी? थंडं झालं का लोखंड आवळते, तवाच पकडते."

"गणित म्हणजे गणित!"

तापवलेली धाव बसली, पाणी ओतलं, आणि बंडी दहा पावलं चालताच धाव निसटून पडली. धान भरून बाजाराला निघालेला बंडीवाला सोमावर खवळला, "काऊन रे, तुले धाव बसवता येत नाई?"

"माह्याच मापात चुकलं, भाऊ."

मी शेजारीच पाटी घेऊन उभा होतो.

सोमानं पुन्हा दोरी काढली. मान खाली घालूनच म्हणाला, "मास्तर, तो पंडित येवढा मोठा, तरी जवळपास म्हणला. तुमी काऊन तसं नाई म्हटलं?"